अकराचा भोंगा

चंद्रावती गावंडला कुणी विचारलं, "तुम्ही मानसशास्त्रच का हो घेतलंत?" तर ती खरं तेच सांगते, "दुसरं काय उरलंच नव्हतं." बाहेरून बी. ए. करायचं तिनं ठरवलं तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती, दोन मुलींची आई होती, आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वडे तळत होती. फॉर्म भरायला गेली तर कारकुनानं विषयांची यादी पुढे सरकवली. अर्थशास्त्रात गणित असतं असं तिनं ऐकलं होतं, म्हणून ते बाद. राज्यशास्त्र नवरा आणि दोन दीर मिळून घरात रोज चालवायचे, त्याला वेगळी फी कशाला? इतिहासाच्या सनावळ्या दहावीलाच नकोशा झाल्या होत्या. राहिलं मानसशास्त्र. मन तर आपल्याला रोज लागतंच, म्हणून तिनं त्याच्यावर खूण केली आणि सव्वादहाच्या टेम्पोनं कामाला गेली.

ही मूळची पेणच्या खाडीकाठची. बाप कान्हू मिठागरावर राबायचा, आणि पोर पेणला शाळेत जायची. दहावी झाली, लग्न झालं, आणि रोह्याजवळच्या निडी गावात सासरी आली. नवरा जनू कंपनीत ड्रम भरायच्या खात्यात होता. त्याच्याच ओळखीनं तिला कॅन्टीनचं काम मिळालं. बारावी तिनं धाकटी पोर शाळेत जायला लागल्यावर बाहेरून केली. निडीत तेव्हा कुणाची सून असली थेरं करत नव्हती. सासू धोंडुबाई मात्र म्हणाली, "शिकू दे गो तिला, चुलीला काय धाड भरली नाय." तेवढ्यावर भागलं.

पण मानसशास्त्र म्हटल्यावर गावात भलतंच पसरलं. कॅन्टीनमधली तिची जोडीदारीण सगुणा पहिल्याच दिवशी पदर सावरून समोर बसली. "माज्या मनात काय हाय ता सांग बगू, चंद्रे."

"मी आता तुला काम सांगीन, असं तुज्या मनात हाय," चंद्रावती म्हणाली. "ऊठ, बटाटे सोल."

सगुणानं चार बायकांना सांगितलं, की चंद्रीला खरंच कळतं हो मनातलं!

आता कंपनीचं ऐका, कारण गोष्ट तिथलीच आहे. रसायनांची कंपनी म्हणजे आत काय काय विष असतं ते आत काम करणाऱ्यालाच ठाऊक. क्लोरीनच्या टाक्या होत्या. कुठं काही गळलं तर भोंगा वाजायचा, आणि भोंगा वाजला की हातातलं टाकून सगळ्यांनी गेटजवळच्या मैदानावर जमायचं, असा नियम. त्याचा सराव व्हावा म्हणून दर सोमवारी सकाळी अकराला भोंगा वाजायचा. गेली नऊ वर्षं दर सोमवारी, बरोबर अकराला.

आणि भोंगा वाजला की माणसं काय करायची? मनगटावरचं घड्याळ बघायची! "अकरा वाजले वाटतं," म्हणून कुणी घड्याळ लावून घ्यायचं, कुणी तंबाखूची गोळी बदलायचं. रोह्याच्या बाजारातसुद्धा 'सोमवारचा भोंगा झाला का?' म्हणजे अकरा वाजले का, असा अर्थ झाला होता. मैदानावर जायचे ते फक्त सुरक्षा अधिकारी कमळाकरसाहेब, त्यांच्या हातातला पाटीवरचा कागद आणि दोन वॉचमन. साहेब कागदावर लिहायचे, 'सराव समाधानकारक.'

सत्त्याण्णव साली मार्चमधल्या एका सोमवारी अकराला भोंगा वाजला, आणि पाच मिनिटांनी परत वाजला. दुसरा खरा होता. पण सोमवार, आणि अकराचाच सुमार! "आज साहेबांच्या अंगात आलंय," म्हणून लोक हसले आणि बसून राहिले. जनू ड्रमवर बसून डबा सोडत होता. गळती लहान होती म्हणून वाचला, पण वास छातीत गेला तो गेलाच. रोह्याच्या दवाखान्यात आठ दिवस होता. चंद्रावती उशाशी बसून त्याचा श्वास मोजायची. तो घरी आला, कामावर परत गेला, पण पायऱ्या चढताना थांबायला लागला, तो आजही थांबतो. आणि परतल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी अकराला भोंगा वाजला तेव्हा खुद्द जनूनंसुद्धा घड्याळ बघितलं. हे तिला कळलं. एकदा वाचला, दुसऱ्यांदा कोण वाचवणार याला?

त्याच वर्षी तिच्या हातात मानसशास्त्राचं ते पुस्तक आलं. पहिली शंभर पानं तिनं दात-ओठ खाऊन वाचली. संवेदन, अवधान, प्रेरणा, असे एकेक शब्द, की वाटावं लग्नाच्या मुहूर्ताला भटजी मंत्रच म्हणतायत. मग अध्ययनाचं प्रकरण आलं. दुपारची जेवणं उरकून ती कोठीत कांद्याच्या पोत्यावर बसली होती. रशियातल्या कुठल्याशा शास्त्रज्ञानं कुत्र्याला घंटा ऐकवून मांस दिलं. बरेचदा दिल्यावर नुसती घंटा वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. हे तिला नवं वाटलं नाही, त्यांच्या निडीच्या म्हशींना बादलीचा आवाज पुरतो. पण पुढं लिहिलं होतं, की घंटा नुसतीच वाजवत राहिलं आणि खायला काही दिलंच नाही, तर हळूहळू कुत्रं घंटेकडे लक्षच देईनासं होतं. याला विलोपन म्हणतात.

चंद्रावती पोत्यावरून उठून उभीच राहिली. "आईशप्पत! सगुणे, हा आपला भोंगा गो!"

सगुणाला काही कळलं नाही. तिला वाटलं परत काही गळलं. ती बिचारी पळत मैदानावर गेली आणि एकटीच उभी राहून आली.

दुसऱ्या दिवशी चंद्रावती पदराला हात पुसत कमळाकरसाहेबांच्या खोलीत गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. टापटिपीचा होता, नियमाचा होता, फक्त कागदावर लिहिलं की ते घडलं असं त्याला वाटायचं.

"साहेब, भोंग्याला माणसं उठत नायत."

"मला माहीत आहे, चंद्रावतीबाई. बेशिस्त आहे. मी नोटीस लावतोय."

"बेशिस्त नाय साहेब. तुमीच त्यांना शिकवलंय बसायला."

साहेबांनी चष्मा काढला. ती घाबरली होती, पण जनूचा तो घरघरणारा श्वास कानात होता, म्हणून बोलत सुटली. नऊ वर्षं भोंगा वाजला आणि पुढं काहीच झालं नाही. भोंगा म्हणजे काही नाही, एवढं लोक शिकले. माणूस शिकल्याशिवाय राहत नाही, साहेब, आपण काय शिकवतो ते बघायला पाहिजे.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"एफ. वाय. बी. ए., पेपर पहिला, प्रकरण पाचवं."

साहेब मोठ्यानं हसले. प्रशिक्षणाला मुंबईहून तज्ज्ञ येतात म्हणाले. मग ती दारातून वळली आणि म्हणाली, "साहेब, उद्या एक करा. माज्या चहाच्या घंटेला किती माणसं किती वेळात उठतात ता घड्याळ लावून बगा. आन् सोमवारी भोंग्याला बगा."

साहेबांनी बघितलं. ही त्यांची मोठी गोष्ट, मानलं पाहिजे. चहाच्या घंटेला दीड मिनिटात सगळी कंपनी कॅन्टीनच्या दारात. सोमवारच्या भोंग्याला दहा मिनिटांत अकरा माणसं, त्यातले चार जण मुतारीला निघालेले. साहेबांनी तो कागद दोन दिवस खिशात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः कॅन्टीनमध्ये आले. "तीन महिने देतो. काय करायचं ते सांगा."

चंद्रावतीनं सांगितलं ते असं. सोमवार बंद. भोंगा कुठल्याही वारी वाजेल. आणि मैदानावर गरम वडे. तीन मिनिटांच्या आत जो पोचेल त्याला, चौथ्या मिनिटाला आलेल्याला नुसता वड्यांचा वास. वडे निघाले हे कळावं म्हणून ती लोखंडी झारा पितळेच्या परातीवर वाजवेल.

पहिल्या वेळी बुधवारी भोंगा झाला. चारजण आले, तेही चुकून. चौघांना तीन-तीन वडे मिळाले. चौघं तोंड पुसत खात्यात परतले, आणि तासाभरात कंपनीत दुसरा विषय नव्हता. पुढच्या वेळी साठ आले. तिसऱ्या वेळी तर अशी पळापळ झाली की ऑफिसातला जाडा हिशेबनीस आपटला आणि तसाच उठून पळाला. पण ती हुशार, दर वेळी वडे देईना. पुस्तकात होतं, की बक्षीस कधी मिळालं, कधी नाही, असं असलं की शिकलेलं लवकर पुसत नाही. सगुणाला तिनं समजावलं, "जुगाऱ्याचा नाद का सुटत नाय? कदी लागतंय, कदी नाय, म्हणून!" नुसत्या पाण्यावर परत जावं लागलं की लोक शिव्या घालायचे, पण पुढच्या भोंग्याला परत पळायचे.

मग मध्येच माशी शिंकली. युनियनच्या केरूनं कुठून तरी ते कुत्र्याचं ऐकलं. दुपारी भर कॅन्टीनमध्ये तो बाकावर उभा राहिला. "मंडळी, या बाईनं आपल्याला कुत्री ठरवलीय! पुस्तकात लिवलंय! आपण काय लाळ गाळणारी जनावरं हाव काय?"

जनू खाली मान घालून बसला. बायकोपायी चारचौघांत असं ऐकून घ्यायचं त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. चंद्रावतीचा चेहरा लाल झाला. हातातला झारा तसाच घेऊन ती पुढं आली.

"केरूदादा, खाली उतरा. पडाल. मला सांगा, लिंबू कापलं की तुमच्या तोंडाला पाणी येतं का नाय? माज्या पण येतं. साहेबांच्या पण येतं. मग सगळीच कुत्री! माजा नवरा भोंगा ऐकून डबा खात बसला, आठ दिवस दवाखान्यात होता, तवा तुमी हार घेऊन आला होता. हार नको मला. मला परत दवाखान्यात जायचं नाय. तुमाला वडा नको तर खाऊ नका, पण भोंगा झाला की पळा." आणि ती मागं वळून कोठीत गेली.

केरू उतरला. पुढच्या भोंग्याला तो सगळ्यात आधी मैदानावर होता, आणि वडा घेतला नाही. त्याच्या पुढच्या वेळी दोन घेतले.

पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये तिनं पेणला जाऊन परीक्षा दिली. मानसशास्त्रात एकसष्ट मार्क पडले. धोंडुबाईनं आळीत पेढे वाटले आणि 'सुनेला मन लागलं' असं सांगत फिरली. लोक मनापासून शिकली असं समजले. धोंडुबाईला मानसशास्त्र म्हणायचं होतं.

तीन महिन्यांची मुदत केव्हाच सरली, तरी साहेबांनी सराव तसाच चालू ठेवला. इथवर सगळं छान. पण चंद्रावतीची एक चूक झाली होती, आणि ती तिलाच काय, साहेबांना आणि मुंबईच्या तज्ज्ञांनाही दिसली नव्हती. वार बदलत होते, वेळ बदलली नव्हती. वड्यांची कढई सकाळी अकराला तापलेली असायची, म्हणून भोंगा कुठल्याही वारी असो, अकराच्या आसपासच व्हायचा. आणि मैदान कायम एकच, गेटजवळचं, पूर्वेकडचं. दुसरं मैदान होतं, कॅन्टीनच्या मागं पश्चिमेला. तिथं पाटीसुद्धा होती, पण टाकळ्याचं रान माजलं होतं आणि पाटीवर कुणाचं तरी धोतर वाळत असायचं.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये एका गुरुवारी दुपारी सव्वातीनला भोंगा झाला. शिफ्ट बदलायची वेळ, आत एकशे बासष्ट माणसं. चंद्रावती भांडी उपडी घालत होती. आज सराव नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण सराव असला की, वडे असोत नसोत, साहेब तिला आधी सांगायचे. म्हणजे खरा! ती दारात आली आणि रस्त्यावर बघते तर सगळी कंपनी पळतेय. कुणी बसलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. टोपी पडली तर कुणी उचलली नाही. पुढं केरू, त्याच्या मागं धापा टाकत जनू. तिचा ऊर भरून आला. जिंकली होती ती!

आणि मग वारा तिच्या पाठीवर लागला. ती मिठागरावर वाढलेली, वारा तिला डोळे मिटून कळतो. सकाळचा वारा पूर्वेच्या डोंगराकडनं येतो, दुपारी तो फिरतो आणि खाडीकडनं आत शिरतो. आता तो पश्चिमेकडनं पूर्वेला चालला होता. टाक्यांजवळ जमिनीसरशी पिवळट धूर उठला होता आणि वाऱ्याबरोबर सरळ गेटकडे सरकत होता, मैदानावर, तिनंच शिकवलेल्या जागेवर.

मी शिकवलं, मीच मारते आता, असं तिला वाटलं. ती जीव खाऊन ओरडली, "तिकडं नको! मागं फिरा!" पण भोंग्यापुढं माणसाचा आवाज काय पोचणार? पळणारी पाठ नुसती पुढं पुढं जात होती.

भोंगा अर्धा मिनिट वाजायचा आणि थोडा थांबून परत सुरू व्हायचा. ती कोठीत शिरली, परात उचलली, झारा उचलला, आणि मागच्या मैदानाच्या तोंडाशी दुधाच्या क्रेटवर चढली. भोंगा थांबला. त्या तेवढ्या शांततेत तिनं अंगातलं सगळं बळ लावून झारा परातीवर हाणला. ठण्! ठण्! ठण्!

दीडशेच्या वर माणसांच्या माना फिरल्या. विचार कुणी केलाच नाही, करायला वेळही नव्हता. आधी पाय वळले, मग माणसं. जनू दोन हात पसरून ओरडला, "वडे तिकडं हायत रे! माजी बायको तिकडं हाय! फिरा!" आणि सगळा लोंढा उलटा फिरून, बाजूच्या रस्त्यानं धुराला वळसा घालून, टाकळा तुडवत मागच्या मैदानावर आला. भोंगा परत सुरू झाला तरी ती वाजवतच होती, आणि तो थांबला की आवाज परत सगळीकडं जात होता. शेवटचा माणूस आत आला तेव्हा गेटजवळचं मैदान पिवळ्या धुरात दिसेनासं झालं होतं. लोक ते बघत उभे राहिले. वड्याचं नाव कुणी काढलं नाही.

गॅसचे मुखवटे घातलेल्या दोन फिटरांनी वीस मिनिटांत व्हॉल्व्ह बंद केला आणि डोळे चोळत ते पण मैदानावर आले. कमळाकरसाहेब हातात हजेरीचं पुस्तक घेऊन समोर उभे राहिले. एकेक नाव घेत गेले आणि एकेकजण हजर म्हणत गेला. केरू म्हणाला, आवाज बसलेला. जनू म्हणाला, खोकत, पण म्हणाला. सगुणा दोनदा म्हणाली. एकशे एकसष्ट नावं झाली आणि एकही गैरहजर नव्हता.

"कॅन्टीन. चंद्रावती जनू गावंड."

चंद्रावती क्रेटवरून उतरून खाली टाकळ्यात बसली होती, परात मांडीवर, डोक्यावरचा पदर तोंडात कोंबलेला, आणि हुंदक्यांनी तिच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं.

साहेबांनी नाव परत घेतलं, या वेळी हळू आवाजात. जनूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्यासाठी तोंड उघडलं, पण त्याला संधीच मिळाली नाही. एकशे एकसष्ट माणसं एका दमात गरजली, "हजर!"

साहेबांनी तिच्या नावापुढं खूण केली, पुस्तक मिटलं, आणि रडत रडत सगळ्यांना घरी जायला सांगितलं.